पडदा काळा, मीटर चालू

मार्च २०२० मध्ये हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं आणि पुण्यातला एक मोठा खर्च गाजावाजा न होता जागा बदलून गेला. कालपर्यंत कंपनीच्या खात्यावर पडणारी वीज कोथरूड, वाकड, धायरीतल्या घरांच्या मीटरवर पडू लागली. टाळेबंदीत मीटरचं रीडिंग झालं नव्हतं. जूनमध्ये तीन महिन्यांचं बिल एकदम हाती आलं आणि राज्यभर ओरड झाली. सरासरी बिलं, नवे दर, उन्हाळा, घरात बसलेली माणसं अशी सगळी कारणं त्या वेळी बोलली गेली. रोज नऊ-दहा तास चालणाऱ्या कॉम्प्युटरचा त्यात वाटा किती, हा प्रश्न मात्र गोंधळात मागेच राहिला.

आज तो शांतपणे तपासता येतो. कॉम्प्युटर किती वीज घेतो, त्यातली वाया किती जाते, ती वाचवली तर किती रुपये सुटतात आणि ते कोणाच्या खिशात राहतात, एवढं पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. घरात बचत आहे, पण बेताची. खरी बचत कॉलेजांच्या लॅबमध्ये, कचेऱ्यांमध्ये, लहानमोठ्या ऑफिसांमध्ये पडून आहे. ती तशीच पडून राहते, कारण तिथे मशिन चालू ठेवणारा एक असतो आणि बिल भरणारा दुसरा.

सुरुवात बिलापासून. महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं. वापराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे आणि त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे असा दर होता. दर बदलत राहतात, पण या चढणीचा धडा बदलत नाही: शंभराव्या युनिटापेक्षा एकशे एकावं युनिट जवळजवळ दुप्पट महाग पडतं. आणि वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं. महिन्याला २२० युनिट लागणाऱ्या घराने २० युनिट वाचवले, तर ते दुसऱ्या टप्प्याच्या दराने वाचतात, म्हणजे वीज शुल्क धरून युनिटमागे सुमारे सव्वातेरा रुपये. ३५० युनिटांच्या घरात तेच युनिट सव्वाअठरा रुपयांचं. पुढचे घरगुती हिशेब मी सव्वातेरा रुपयांनी मांडले आहेत.

घरातूनच धंदा करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागू पडते. घराच्या एका खोलीत डीटीपी, अकाउंट्स किंवा शिकवणी चालवणाऱ्या लहान व्यावसायिकाचा वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असेल, तर त्याला घरगुती दरातच ठेवण्याची तरतूद वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत आहे. ती हद्द ओलांडली की वाणिज्यिक दराचा प्रश्न येतो. अशा घरात कॉम्प्युटरचे वाया जाणारे दहा-पंधरा युनिट केवळ दहा-पंधरा युनिट राहत नाहीत.

आता मशिन. साधा डेस्कटॉप, म्हणजे डबा आणि पडदा मिळून, ऑफिसच्या कामाला साधारण ६० ते १२० वॅट घेतो. लॅपटॉप १५ ते ४० वॅटमध्ये भागवतो, कारण त्याची सगळी बांधणीच बॅटरी पुरावी या हिशेबाने झालेली असते. दोन टोकं पाहायची तर एकीकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड, ज्या एका कार्डाचीच मर्यादा ४५० वॅट आहे. दुसरीकडे अ‍ॅपलचा एम१ मॅक मिनी, जो रिकामा बसला तर ७ वॅट आणि पूर्ण ताणावर ३९ वॅट घेतो. डब्याच्या पाठीवर ४५० किंवा ५०० वॅट लिहिलेलं वाचून घाबरणारे पुष्कळ असतात. तो आकडा पॉवर सप्लायच्या कमाल ताकदीचा आहे, वापराचा नव्हे.

तुमचं मशिन नेमकं किती घेतं हे विकतचं उपकरण न आणताही कळतं, आणि ही पद्धत मला फार आवडते, कारण ती थेट महावितरणच्या मीटरवर चालते. घरातलं सगळं बंद करायचं: फ्रीज, राउटर, इन्व्हर्टरसुद्धा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरांवर ३२००. दिवा तितक्या वेळा लागला की एक युनिट झालं. सगळं बंद असताना दिवा थांबायला हवा. मग फक्त कॉम्प्युटर आणि पडदा चालू करून दहा मिनिटांत दिवा किती वेळा लागतो ते मोजायचं. पन्नास वेळा लागला, तर तासाला तीनशे वेळा, म्हणजे साधारण ९४ वॅट. सोसायटीत मीटर खाली पार्किंगपाशी असतात, म्हणून एकाने खाली उभं राहायचं आणि दुसऱ्याने वर कॉम्प्युटरजवळ बसायचं, मध्ये फोन चालू. आता वरच्याला नुसता पडदा बंद होऊ द्यायला सांगा. खालचा दिवा थोडाच मंदावतो. डब्याचं काम चालूच असतं. मग स्लीपला टाकायला सांगा. दोन वॅट घेणाऱ्या झोपलेल्या मशिनला दिवा एकदा लागायला आठ-दहा मिनिटं लागतात. ज्या घरात हा प्रयोग होतो तिथे मुलांना पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

घरगुती बचत यातूनच निघते. काम चालू असताना कॉम्प्युटरने घेतलेली वीज ही कामाची किंमत आहे, तिच्यात फार कापाकापी होत नाही. पडद्याचा उजेड उतरवला, बॅटरी सेव्हर लावला तर थोडे वॅट सुटतात. त्यामागचं शास्त्र असं की प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग थोडा कमी करून व्होल्टेज उतरवलं की वापर त्याहून जास्त उतरतो. पण मोठी गळती रिकाम्या वेळेची आहे. जेवायला उठलो, आंघोळीला गेलो, भाजी आणायला गेलो, मशिन चालूच. दिवसाचे असे चार तास आणि रिकाम्या मशिनचे पडद्यासह ८० वॅट धरले, तर महिन्याला जवळजवळ साडेनऊ युनिट, म्हणजे सव्वाशेच्या वर रुपये. वर्षाला दीड हजार. त्यासाठी करायचं एवढंच की पाच मिनिटांत पडदा आणि पंधरा मिनिटांत मशिन झोपेल असं सेटिंग एकदा लावून ठेवायचं.

स्क्रीनसेव्हरने वीज वाचते ही समजूत अजून शिल्लक आहे. जुन्या, पोटाळ्या सीआरटी पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटायचा, त्यासाठी ती सोय होती. आजच्या पडद्यावर फिरणारे मासे आणि पाइप वीज खातातच. बंद-चालू केल्याने मशिन बिघडतं, सुरू होताना ते भरमसाट वीज ओढतं, या समजुतीही अशाच जुन्या. सुरू होण्याच्या एखाद-दोन मिनिटांत जी जास्तीची वीज लागते ती मशिन थोडा वेळ रिकामं ठेवलं तरी तेवढीच जाते.

तरीही घरातल्या कॉम्प्युटरची जागा ओळखून असावं. ३० वॅटच्या लॅपटॉपला एक युनिट संपवायला तेहतीस तास लागतात. बाथरूममधला २ किलोवॅटचा गीझर ते अर्ध्या तासात संपवतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्याच्या डोक्यावर फिरणारा जुना पंखा ७५ वॅटचा असतो, म्हणजे खालच्या लॅपटॉपच्या अडीचपट. तोच बीएलडीसी मोटरचा घेतला तर ३० वॅटच्या आसपास भागतं. घरून काम करणाऱ्याने लॅपटॉपचं सेटिंग लावल्यावर वर पाहावं, अशी माझी मनापासून सूचना आहे.

राउटर लहान दिसतो, पण तो चोवीस तास जागा असतो: ८ वॅटचा राउटर महिन्याला पावणेसहा युनिट घेतो. दुसरं नजरेआड राहणारं उपकरण यूपीएस. पुणेकरांच्या घरात तो आणि इन्व्हर्टर आले भारनियमनाच्या काळात. २००६ साली शहराला भारनियमनातून सोडवण्यासाठी सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने कारखान्यांनी गर्दीच्या तासांत आपले जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून अधिभारातून भरून घ्यायचा, अशी व्यवस्था झाली. ती ‘पुणे मॉडेल’ म्हणून राज्यात ओळखली गेली. त्या दिवसांत वीज जाणं हाच प्रश्न होता, किती जाते हा नव्हता. दिवस पालटले, पण कॉम्प्युटर टेबलाखालचा यूपीएस तसाच राहिला. कॉम्प्युटर बंद असला तरी तो बॅटरी भरत आणि स्वतः गरम होत ५-१० वॅट घेत असतो. लॅपटॉपला तर त्याची गरजच नाही. भिंतीवरचं बटण बंद करणं हा यावर पूर्ण उपाय आहे. परदेशात यासाठी आपोआप बंद होणारी महागडी एक्स्टेन्शन विकत घेतात, कारण तिकडच्या अनेक देशांत भिंतीतल्या प्लगला बटणच नसतं. आपल्याकडे ते आहे.

मशिनला झोपवण्याची सोय नवी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एनर्जी स्टार ही खूण १९९२ मध्ये सुरू केली ती कॉम्प्युटर आणि मॉनिटरपासूनच. त्याच वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने वीज आवरण्याची पहिली पद्धत आणली आणि १९९६ मध्ये एसीपीआय हे प्रमाण आलं, ज्यामुळे विंडोजला मशिनची झोप ताब्यात घेता आली. इतकी जुनी सोय लोक बंद का करून ठेवतात? एकेकाळी झोपलेलं मशिन नीट जागं होत नसे, काम हरवत असे, आणि त्या अनुभवाने लागलेली सवय पुढे चालत राहिली. नव्या लॅपटॉपांनी यात वेगळीच भर घातली आहे. मोबाइलसारखं झटकन जागं व्हावं म्हणून ते झोपेतही अर्धे जागे राहतात, मेल ओढतात, अपडेट घेतात. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप ऑफिसात पोचेपर्यंत गरम झालेला असतो तो यामुळे. रात्रीसाठी हायबरनेट किंवा सरळ शटडाउन बरं.

इथपर्यंत सगळं घरातलं, आणि घरात बटण दाबणाऱ्यालाच बिल दिसतं. पुण्यातला मोठा प्रश्न त्या घराबाहेर आहे.

एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची ६० मशिनची एक लॅब डोळ्यांसमोर आणा. अशा पाच-सहा लॅब एका कॉलेजात, आणि पुणे शहर-परिसरात अशी कॉलेजं किती हे मोजण्यात अर्थ नाही, इतकी आहेत. समजा संध्याकाळी विद्यार्थी गेल्यावर मशिन चालूच राहिली, पडदे तेवढे काळे पडले. रिकाम्या डब्याचे ५० वॅट धरले तरी लॅबचे ३ किलोवॅट होतात. महिन्याच्या ७२० तासांपैकी लॅब खरोखर वापरात असते पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. उरलेल्या ५२० तासांत १५६० युनिट जातात. दहा रुपये युनिट धरलं तरी महिन्याला १५,६०० रुपये, वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर. एका लॅबचे. त्या पैशात दरवर्षी लॅबला तीन-चार नवी मशिन येतील.

यात एसीचा हिशेब अजून धरलेला नाही. कॉम्प्युटरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. दिवसा काम करणारी ६० मशिन १०० वॅटने ६ किलोवॅट उष्णता सोडतात आणि ती बाहेर काढायलाच पावणेदोन टनांचा एसी लागतो, जो आणखी दोनेक किलोवॅट घेतो. पुण्याची हवा वर्षातले कितीतरी महिने अशी असते की खिडक्या उघडल्या तर माणसांना एसी लागू नये. पण खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि कॉम्प्युटर गरम, म्हणून डिसेंबरातही लॅबचा एसी चालू.

मशिन रात्री चालू का राहतात, याची उत्तरं लॅबमध्ये काम करणाऱ्यांकडे असतात आणि ती ऐकण्यासारखी आहेत. सकाळी पहिलं प्रॅक्टिकल लागण्याआधी ६० मशिन एकेक करून चालू करायला वेळ जातो आणि दोन-चार हमखास अडून बसतात. जुनी हार्ड डिस्क असली तर प्रत्येक मशिनला दोन-तीन मिनिटं. अँटीव्हायरस आणि अपडेट रात्री चढवायचे असतात. ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर एकदा नीट बसलं की त्याला कोणी हात लावायला धजत नाही. ही कारणं खोटी नाहीत. पण प्रत्येकावर उपाय आहे आणि तो बहुतेक ठिकाणी आधीच विकत घेतलेला आहे. नेटवर्कवरून मशिन जागं करण्याची सोय, वेक ऑन लॅन, ऑफिससाठी बनलेल्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये असते. मध्यरात्री मशिन जागी करावीत, अपडेट द्यावेत, परत झोपवावीत. सर्व्हरवरून एकच पॉलिसी लावली की साठच्या साठ मशिन अर्धा तास रिकामी राहिल्यावर स्वतः झोपतात. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर चालू व्हायला दहा-वीस सेकंद लागतात. एसएसडीने वाचणारी वीज नगण्य, पण ‘चालूच राहू दे’ म्हणण्याचं कारण ती काढून घेते आणि तीच तिची खरी बचत.

मग हे होत का नाही? मशिन खरेदी होतात एका खात्यातून, अनुदानातून किंवा निविदेतून, आणि निविदेत सर्वात कमी किंमत जिंकते; पाच वर्षांत ते मशिन किती वीज घेईल हा रकाना बहुधा नसतो. विजेचं बिल भरतं दुसरंच खातं, संपूर्ण इमारतीचं एकत्र. लॅबच्या प्रमुखाला आपल्या लॅबचं बिल किती हे कधी कळत नाही, आणि लेखा विभागाला बिल कळतं पण कुठल्या खोलीने किती घेतलं ते कळत नाही. लॅब असिस्टंटने रोज संध्याकाळी साठ मशिन बंद केली तर त्याचे पावणेदोन लाख कोणाच्याच हिशेबात दिसणार नाहीत. सकाळी एक मशिन चालू झालं नाही तर मात्र बोलणी त्यालाच बसतील. अशा ठिकाणी माणसाने मशिन चालू ठेवणं हे त्याच्या बाजूने शहाणपणाचंच आहे, त्याला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून ‘वीज वाचवा’चे कागद भिंतीवर चिकटवण्यापेक्षा लॅबला दोन-तीन हजारांचा स्वतंत्र मीटर बसवणं आणि त्याचं रीडिंग दर महिन्याला दारावर लावणं जास्त उपयोगी पडेल.

बिल थेट अंगावर पडलं की माणूस कसा वागतो हे सदाशिव पेठेत, नारायण पेठेत पाहावं. कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. खोलीला वेगळा सबमीटर, बिल माणशी वाटून. तिथे लॅपटॉप कोणाचा, इलेक्ट्रिक शेगडी कोणाची आणि रात्रभर चार्जिंगला काय राहतं यावर चोख हिशेब होतात. काही घरमालक लॅपटॉपचे महिन्याला ठरावीक जादा पैसे लावतात. त्यांच्यासाठी आकडा देतो: ४० वॅटचा लॅपटॉप रोज आठ तास चालला तर महिन्याला साडेनऊ युनिटांच्या आसपास घेतो, म्हणजे सव्वाशे रुपयांची वीज. त्याहून फार जास्त कोणी मागत असेल तर ते विजेचे पैसे नाहीत. अभ्यासिकांमध्ये दिवसभर लॅपटॉप लावणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू.

शहराच्या दुसऱ्या टोकाला ज्यांची वीज किलोवॅटमध्ये नाही, मेगावॅटमध्ये मोजावी लागते अशी मशिन आहेत, आणि या बाबतीत पुण्याचा इतिहास मोठा आहे. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक इथे उभं राहिलं आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभा केलेला ‘एक’ हा महासंगणक जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. योगायोग असा की त्याच महिन्यात ग्रीन ५०० ही यादी पहिल्यांदा निघाली, जी वेगाऐवजी एका वॅटमागे किती काम होतं ते मोजते. वेगाबरोबर वॅटही मोजायला हवेत हे जगाने मान्य केलं ते साधारण तेव्हापासून. २०१९ मध्ये पाषाणच्या आयसरमध्ये सुरू झालेल्या परम ब्रह्ममध्ये थंडावा देणारा द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्ट्यांपर्यंत नेला आहे, कारण सगळी खोली एसीने गार करण्यापेक्षा तापणाऱ्या चिपला गार करणं स्वस्त पडतं. त्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ चा प्रत्यूष ४ पेटाफ्लॉप्सचा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला अर्क ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे. मान्सूनचा अंदाज त्यावर चालतो, तेव्हा ती वीज वाया गेली असं कोणी म्हणणार नाही.

डेटा सेंटरांचंही तसंच. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतातलं आपलं एक क्लाउड केंद्र पुण्यात उघडलं आणि त्यानंतर या व्यवसायाचा परिसरातला पसारा वाढतच आहे. हा धंदा विजेच्या बिलावर जगतो-मरतो, म्हणून तिथे पीयूई नावाचा आकडा रोज पाहिला जातो: केंद्रात आलेली एकूण वीज भागिले कॉम्प्युटरांनी प्रत्यक्ष वापरलेली वीज. तो एकच्या जितका जवळ तितकी थंडाव्यावरची उधळपट्टी कमी. लहान ऑफिसाने टेबलाखाली चोवीस तास धडधडणारा स्वतःचा जुना सर्व्हर बंद करून काम क्लाउडवर नेलं तर एकूण वीज बहुधा कमीच लागते. २०० वॅटचा तो सर्व्हर महिन्याला १४४ युनिट घेतो, वाणिज्यिक दराने. क्लाउडचं भाडं त्यासमोर मांडून पाहावं, आणि नुसत्या फायली ठेवायला सर्व्हर असेल तर १०-१५ वॅटचा छोटा स्टोरेज बॉक्स दोन्हींपेक्षा स्वस्त पडतो.

नवीन मशिन घ्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. वीज वाचवायची एवढ्याच कारणासाठी तर नको. १०० वॅटचा जुना डेस्कटॉप वर्षातले ३०० दिवस आठ तास चालला तर २४० युनिट, २५ वॅटचा लॅपटॉप ६० युनिट. वाचले १८० युनिट, सुमारे २,४०० रुपये. चाळीस हजारांचा लॅपटॉप त्यातून फिटायला सोळा-सतरा वर्षं लागतील. शिवाय लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा भाग तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो. पण मशिन बदलायचंच असेल तर वॅट विचारून घ्यावं. फ्रीज आणि एसीवर ताऱ्यांची खूण सक्तीची आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोची लॅपटॉपसाठीची खूण ऐच्छिक आहे आणि दुकानात ती सहसा कोणी मागत नाही. असेंबल केलेला डेस्कटॉप घेणाऱ्याने पॉवर सप्लायवर ‘८० प्लस’ ही कार्यक्षमतेची खूण आहे का ते तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला विचारावं. स्वस्त सप्लाय घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा स्वतःच तापण्यात घालवतो, आणि नको तेवढा मोठा सप्लाय कमी भारावर आणखी वाईट वागतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि चांगली चालणारी कितीतरी मशिन नव्या विंडोजला अपात्र म्हणून अडगळीच्या वाटेवर आली. त्यातल्या बऱ्याच मशिनवर लिनक्स बसवून, एसएसडी घालून आणखी काही वर्षं काम निघतं. शाळा, वाचनालयं, कुटुंबातल्या मुलांचा अभ्यास यांना ती पुरतात. ज्यांचं खरोखर संपलं आहे ती ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे ई-कचरा म्हणून देता येतात. भंगारात फोडायला देऊ नयेत.

राहिला सौर ऊर्जेचा मुद्दा, कारण हल्ली प्रत्येक कॉलेजच्या आणि सोसायटीच्या बैठकीत तोच पहिला निघतो. दिवसाच्या विजेचंच बोलायचं तर स्मार्ट टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारे, मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलतही आली आहे. ५० वॅट-तासांची लॅपटॉपची बॅटरी दिवसा भरून रात्री वापरली तर त्यातून महिन्याला दोन रुपयेही सुटत नाहीत, तेव्हा त्या खटाटोपात पडू नये. कॉलेजच्या लॅबला मात्र दिवसाचं काम असल्यामुळे छतावरची वीज चांगली जुळते. फक्त क्रम चुकू नये. पुण्यात १ किलोवॅटचं पॅनल महिन्याला साधारण १२० युनिट देतं. वरच्या लॅबचे वाया जाणारे १५६० युनिट भरून काढायला १३ किलोवॅट पॅनल लागतील, किलोवॅटमागे पन्नास-साठ हजार धरले तर साडेसहा ते आठ लाखांचे. सौर कंपनी मागच्या वर्षीच्या बिलांवरून आकार ठरवते. बिलात रात्रीची ती रिकामी वीज असेल तर तिच्यासाठीही पॅनल मोजले जातात आणि त्यांचे पैसे घेतले जातात. म्हणून कोटेशन मागवण्याआधी दोन महिने मशिन रात्री झोपवावीत, सबमीटरचं रीडिंग घ्यावं आणि ते नवे आकडे कंपनीच्या हाती द्यावेत.